वाघ छापला, लेकी गाळल्या

आमच्या मूळ पुरुषाने वाघाकडून चिखल तुडवून घेतला, असं आमच्या कुलवृत्तांतात छापलेलं आहे. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात छापलेलं असल्यामुळे पुण्यात त्यावर कोणी वाद घालत नाही. तो वाघ माझा आहे, एवढं मात्र तिथे छापलेलं नाही.

आमचं घराणं कोकणातल्या एका खाडीकाठचं. पेशवाई बुडून कंपनीचं राज्य नवं नवं आलेलं होतं. किनाऱ्यावर जिकडेतिकडे खाजण, म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला नुसता चिखल राहणारी जमीन. साहेबाला ती नकाशावर रिकामी पडलेली बघवेना. त्याने दवंडी पिटवली की जो कोणी बांध घालून समुद्र अडवेल, त्याला आत सुकेल तेवढी जमीन, आणि पहिली काही वर्षं सारा माफ. याला म्हणायचे कौल. शहाणी माणसं ऐकून हसली आणि घरी गेली. आमच्या मूळ पुरुषाने कौल घेतला. तो कुठून आला, का आला, आधी काय करत होता, कोणालाही माहीत नाही. कुलवृत्तांताची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा समितीच्या हाती खरी माहिती दीड ओळ होती: खाडीवर बांध घातला, तिथेच वारला.

दीड ओळीवर एवढं जाडजूड पुस्तक कसं उभं करणार? समिती माझ्याकडे आली. घराण्यात बोलघेवडी म्हणून माझा लौकिक आहे. आई म्हणायची, ही जन्मल्यावर रडली नाही, सुईणीला हकिगत सांगायला लागली. मी त्यांना वाघ दिला. सुरुवातीला तो लांबून नुसता बघायचा. संमेलनागणिक जवळ आला. मग खाडीचं खारट पाणी पिऊन त्याचं ब्लडप्रेशर वाढलं, त्या भरात मूळ पुरुषावर धावून गेला, आणि पुस्तक छापखान्यात जाईपर्यंत मूळ पुरुषाने त्याचं शेपूट धरून सबंध बांध त्याच्या पायांनी तुडवून घेतला होता. समितीने खाली बारीक टाइपात ‘कौटुंबिक परंपरेनुसार’ अशी टीप घातली आणि निर्धास्त झाली. परंपरा म्हणजे बिबवेवाडीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणारी मी.

आता आमच्याकडची खरी परंपरा सांगते, कारण पुढे तिच्यावाचून भागणार नाही. दरवर्षी स्वारगेटजवळच्या एका कार्यालयात आमचं कुलसंमेलन भरतं. जेवणाआधी पाटावर मोठं ताट ठेवतात. ताटाच्या एका बाजूला मिठाचं पाणी, ती खाडी. मध्ये मातीचा बांध घालायचा. त्यातली पहिली मूठ घराण्याच्या लग्न झालेल्या लेकीनेच ठेवायची; सुनेने नाही, पुरुषाने तर नाहीच. लेक आल्याशिवाय पानं वाढत नाहीत. एका वर्षी लेकी वाहतुकीत अडकल्या, तर दोनशे माणसं भुकेने कळवळत बसली होती, पण कोणी मातीला हात लावला नाही. पूर्वी माती खाडीवरून एसटीने यायची. आणणाऱ्या चुलतभावाचा खुबा बदलल्यापासून मी इथल्या नर्सरीतून पिशवी आणते आणि त्यात मीठ कालवते. एकदा बांधात पुदिना उगवला. तरी लेकीनेच मूठ का ठेवायची, हे उभ्या घराण्यात कोणी कधी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीचं काम निघालं आणि घरोघर कच्ची पानं तपासायला आली. आमचं पान बाबांनी उघडलं. बाबा नव्वदीचे आहेत. आम्ही तिघी त्यांच्या मुली, मी थोरली. पहिल्या आवृत्तीत त्यांच्या नावाखाली ‘कन्या ३’ लिहून पुढची जागा मोकळी सोडली होती. बाबा तेव्हा साठी ओलांडलेले होते, पण समितीने आशा सोडली नव्हती. या वेळी सोडली. मोकळ्या जागेत एक शब्द छापला होता: निर्वंश.

बाबांनी चष्मा पुसला, पान पुन्हा वाचलं, माझ्यापुढे सरकवलं.

“मग तुम्ही तिघी कोण?” त्यांनी विचारलं.

मी लगेच समितीला शेलकी विशेषणं लावायला घेतली. बाबांनी ऐकून घेतलं नाही. पोहे थंड झाले होते, ते त्यांनी तसेच खाल्ले. वास्तविक पहिल्या आवृत्तीच्या वेळी अख्खं पुणं सायकलवर पालथं घालून घराघरातली माहिती याच माणसाने गोळा केली होती. कोणाची मुंज कधी झाली, कोण कुठल्या ऑफिसातून निवृत्त झालं, कोणाला जुळं झालं, सगळं त्यांना तोंडपाठ. ते पुस्तक त्यांच्या उशाशी असतं. त्यानंतर आठवडाभर ते कपाटात होतं, तेही पाठ भिंतीकडे करून. माझ्या वडिलांच्या डोळ्यांदेखत त्यांचा वंश बुडवला गेला होता, आणि बुडालेला वंश रोज सकाळी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून ठेवत होता. मी ठरवलं, हा शब्द छापला जाता कामा नये, मग मला आणखी एक वाघ का पाळावा लागेना.

समितीचे अध्यक्ष म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, आमचे काका. त्यांना फोन केला. त्यांनी मला अत्यंत शांतपणे नियम समजावून सांगितला, पुण्यात दार लावताना असतो तितक्या शांतपणे. वंश म्हणजे नाव. मुली दुसऱ्या घराण्यात जातात, त्यांची मुलं त्या घराण्याच्या पुस्तकात येतात. ऐंशीच्या पुढे पुत्र नसला की शाखा बंद करायची. यात वैयक्तिक काही नाही. काकांचा स्वतःचा मुलगा परदेशात आहे आणि कितीही आठवण केली तरी त्याने माहिती पाठवलेली नाही, पण त्याची शाखा चालू. मी म्हणाले, नियम फारच सुंदर आहे, संमेलनात भेटू.

संमेलनात मूळ पुरुषाची गोष्ट सांगायचा मान माझाच. ताटातला बांध घालून झाला होता, पहिली मूठ माझ्या धाकट्या बहिणीने ठेवली होती, आतून मसालेभाताचा वास यायला लागला होता. मी माइक घेतला. वाघ नेहमीपेक्षा मोठा आणला, मागच्या रांगेतली पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. वाघाने बांध तुडवला, शेपूट सोडवून घेतलं आणि तो निघून गेला. इथे दरवर्षी टाळ्या पडतात आणि लोक उठतात. त्या वर्षी मी माइक सोडला नाही.

मी म्हणाले, वाघ गेला आणि उधाण आलं. बांध फुटला. पुन्हा घातला, पुन्हा त्याच जागी फुटला. मूळ पुरुषाला दोन मुलगे होते. थोरला म्हणाला, ही जमीन नव्हे, हा आजार आहे, आणि घाट चढून गेला तो गेलाच. धाकटा गलबतावर चढला, त्याचाही पत्ता नाही. म्हातारा एकटा उरला. तेव्हा सासरी दिलेली मुलगी नवऱ्याला घेऊन माहेरी आली. पाणी चढत होतं त्या भगदाडात ती कमरेएवढ्या चिखलात उभी राहिली आणि मुठीमुठीने माती लावत राहिली. पाणी तिच्या गळ्यापर्यंत आलं. मी तर म्हणते नाकाच्या वर गेलं होतं, पण आमच्या घराण्याच्या बायका पाण्याखालीसुद्धा बोलतात, त्यामुळे तिचा श्वास चालू राहिला. बांध टिकला. म्हातारा गेल्यावर प्रश्न आला, कौल कोणाच्या नावावर राहणार? नाव संपलं की जमीन कंपनीकडे परत. मग त्या जावयाने सासऱ्याचं आडनाव लावलं आणि तो तिथेच राहिला.

“म्हणजे इथे बसलेले आपण सगळे,” मी म्हणाले, “त्या मुलीची पोरं. समितीच्या नियमाने मूळ पुरुष निर्वंश.”

आत कोणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं, तेवढं ऐकू आलं.

काका उठले. याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. मी विचारलं, वाघाला काय होता? ते म्हणाले, वाघ ही परंपरा आहे. मी म्हणाले, मग आत्ता तुमच्यासमोर ताटात पहिली मूठ लेकीने का ठेवली, ते समितीने सांगावं, आम्ही ऐकतो. काकांनी ताटाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. काका म्हणाले, तो बायकांचा रिवाज आहे, त्याचा इतिहासाशी संबंध नाही. मी म्हणाले, वाघाला जी टीप घातलीत तीच मुलीला घाला, तुमच्याकडे टाइप तयार आहे. पोरं हसली, सुना पदराआड हसल्या. काका नाही हसले. अध्यक्ष म्हणून त्यांनी जाहीर केलं की गोष्ट छान होती, पण नियम तसाच राहील, आणि आता जेवायला चलावं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबा उठले. उठायला त्यांना वेळ लागतो. धाकटीने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

“मग मला काढा,” ते म्हणाले.

“दादा, असं कसं काढणार?” काका म्हणाले.

“निर्वंश म्हणून राहण्यापेक्षा मी नसलेला बरा. नाव, जन्म, नोकरी, सगळं काढा. मी सायकलवरून आणलेली माहितीही काढा. पुस्तक हातात धरायला हलकं होईल.”

आणि बाबा खाली बसले. उभं आयुष्य मी बोलतेय, पण एवढ्या थोड्या शब्दांत एवढी मोडतोड मला कधी जमलेली नाही.

मग डाव्या बाजूने एक काकू उठल्या. त्यांचे यजमान गेलेले, मुलगी एकच. त्या म्हणाल्या, आमच्या ह्यांनाही काढा, विचारायला ते नाहीत म्हणून मी सांगते. मग एक निवृत्त शिक्षक उठले, त्यांना चार मुली. मग आणखी कोणी, आणि कोणी. मी सांगते की अर्धं कार्यालय उभं राहिलं आणि पंख्याचा वारा खाली पोचेना. धाकटीचं म्हणणं, आठ-दहा माणसं असतील, त्यातली दोन हात धुवायला निघालेली. ती बँकेत होती, तिच्या हिशेबात माणसं नेहमी कमी भरतात. काकांचा हिशेब मात्र त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. बाबांनी आणलेली माहिती काढली तर त्या देखण्या पुठ्ठ्याच्या आत वाघ, अध्यक्षांचं मनोगत आणि परदेशातल्या मुलाची रिकामी जागा, एवढंच उरत होतं.

जेवणं झाली. अळूची भाजी उत्तम होती. भांडणाने अन्नाची चव वाढते हा माझा जुना अनुभव आहे. काका मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन आमच्या कोपऱ्यात आले. आधी माझ्याकडे वाकले आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, “खरं सांग, ती मुलगी खरी की तुझी?”

“वाघाइतकीच खरी आहे, काका.”

काका बाबांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि पेल्याकडे बघत बोलले. तो शब्द काढतो म्हणाले, सगळ्यांच्याच पानांवरून. मुलींच्या पुढे त्यांचे यजमान आणि मुलं घालू.

बाबांनी विचारलं, “पतवंडं?”

“दादा, पतवंडं पुढच्या आवृत्तीत घेऊ. आत्ता वेळ कुठे आहे?”

“आत्ताच घ्या. पुढची आवृत्ती मी बघणार नाही.”

काकांनी मठ्ठा संपवला. बरं म्हणाले. दोन दिवसांत माहिती द्या, पान थांबवून ठेवतो, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले की गोष्ट लिहूनही दे, पण पाणी नाकाच्या वर नको, गळ्यापर्यंत पुरे. मी कबूल केलं. लिहिताना बघू.

रिक्षातून घरी आल्यावर बाबांनी कपडेसुद्धा बदलले नाहीत. पेन शोधलं, कच्चं पान टेबलावर पसरलं, तो शब्द एकदाच, सरळ रेघेने खोडला आणि नातीला फोन लावला. नात म्हणजे माझी मुलगी. वाघोलीला राहते, आयटीत आहे, तिला दोन वर्षांची मुलगी आहे. फोन बाबा कानाला लावत नाहीत, समोर धरून ओरडतात, त्यामुळे सगळं ऐकू येतं.

“आजोबा, मी कॉलवर आहे. नंतर करू?”

“कॉल थांबव. वंश लिहून घेतोय.”

तिकडे कोणाला तरी इंग्रजीत दोन मिनिटं थांबायला सांगितल्याचं ऐकू आलं.

“बाळाचं पूर्ण नाव सांग,” बाबा म्हणाले.

“आजोबा, नाव तुम्हीच ठेवलंय.”

“ठेवलंय. तरी तू सांग, म्हणजे चूक नको. आणि आडनाव कोणतं घालू?”

“आम्ही दोघांचंही लावतो. लांब होतं, बसेल का?”

बाबांनी पानावरची मोकळी जागा बोटाने मोजली.

“न बसायला काय झालं,” ते म्हणाले. “सांग, लिहितोय.”