नस दबून राहिली

माझ्या मैत्रिणीची आत्या माणसांना पाठीवरून ओळखते. चेहरा ही तिच्या मते खांद्यांना चिकटलेली एक जास्तीची गोष्ट आहे. अकोल्यात जठारपेठेजवळच्या मैदानावर ती आम्हा मुलींना व्हॉलीबॉल शिकवते, पण बाजारातही कुणाच्या खांद्याचं पातं वरखाली दिसलं की मेथीची जुडी हातात घेऊन ती त्याच्या मागे चालू लागते. परतवाड्याच्या एका लग्नात पाठमोऱ्या नवरदेवाला पाहून ती ओरडली होती म्हणे, "हा बॉलर हाय! हार डाव्या हातानं टाक म्हना याले!" तिच्या किटबॅगेत एक जुनी सलवार असते, ती शिकवण्यासाठी. "नेफ्यातून नाडी जाते ना, तशी हाडाच्या खाचेतून नस जाते. हात उगारून उगारून नेफा आवळला, का नस चिमटली!"

अमरावतीच्या निवड चाचणीला दहा दिवस होते. तिने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि उजव्या पात्यावर अंगठा टेकवला. तो आत बुडाला.

"दुखते का?"

"नाही."

"तेच तं खराब हाय. नस दबून राहिली तुही. सर्व्हिस बंद."

मी काही विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही. पुण्याहून येऊन आम्हाला चारच महिने झाले होते, आणि माझ्या कानांनी ऐकलं ते असं: दबली, ती दबलेलीच राहिली. संपलं. दोन आरसे धरून मी तो खड्डा रोज पाहायचे. डाव्या हाताने लिहून पाहिलं. मग वाटलं, हात जाणारच आहे तर निदान चाचणी तरी होऊ दे. पहाटे एकटीच येऊन मी दुप्पट सर्व्हिस मारू लागले.

तिसऱ्या पहाटे आत्याने पकडलं. "काहून मारून राहिली वं पोट्टे? बंद म्हटलं होतं ना?"

"तुम्हीच म्हणालात, दबून राहिली. आता काय फरक पडतो?"

तिने कपाळावर हात मारला. "अवं माय! दबून राहिली म्हंजे आत्ता, दबनं चालू हाय! पुरी दबली नाई अजून!"

चाचणीतून माझं नाव तिनेच काढलं, अमरावतीच्या डॉक्टरांकडेही तिनेच नेलं. हात डोक्यावर न्यायला अजून बंदी आहे. खड्डा अर्धा भरलाय. पुढचं डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. इतर मुलींवर आत्या पूर्वीसारखीच ओरडते. माझ्याशी मात्र एकेक शब्द तपासून बोलते. "तुझा खांदा... भरत... आहे," परवा ती म्हणाली, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. मी मान हलवली. 'भरून राहिला' म्हणा ना, हे काही तोंडातून निघालं नाही. मला त्याचे दोन्ही अर्थ चालले असते.