बीरगावहून तुमसरला निघालेला बैल

या वेळी नागपूरहून निघताना मी मुद्दाम खिडकीची जागा घेतली. एरवी गाडीत बसले की डोळे मिटायचे आणि दुर्ग आलं की उघडायचे, अशी माझी तऱ्हा. पण रायपूरचा हा फेरा शेवटचा होता. परदेशातून एचआयव्हीसाठी येणाऱ्या मदतीतून रायपूरला लागून असलेल्या बीरगावच्या प्रयोगशाळेत क्षयाच्या तपासणीचं मशीन आलं होतं आणि ते चालवायला शिकवणारी मीही त्याच मदतीवर पोसलेली. आता मदत थांबली. मशीन राहणार, मी नाही. सालेकशाचं हिरवं रान खिडकीतून मागं गेलं.

पोळा तोंडावर आला होता. रायपूरच्या गुढियारीत रस्त्याच्या कडेला चाकांचे नांदिया बइला (मातीचे, लाकडाचे खेळण्यातले बैल) मांडून बाया बसल्या होत्या. ऑटोवाल्यानं त्यातूनच गाडी काढली आणि वर मलाच म्हणाला, "दीदी, सम्हल के!" म्हटलं, बाबा, मी तर बसलेच आहे, सांभाळ तू!

प्रयोगशाळेत देवांगन भैया, तिथले तंत्रज्ञ, हसत पुढे आले. "मैडम, अब हमको कौन डाँटेगा?"

"फोनवरून शिव्या घालीन. चिंता नको."

ते हसले आणि त्यांनी कपाट उघडून दाखवलं. मशीनला प्रत्येक तपासणीसाठी एक नवी कुपी लागते आणि कुप्या थोड्याच उरल्या होत्या. नव्या कधी येतील, कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी सुनीता आली. माहेर तुमसरजवळचं, नवरा-बायको दोघं इथल्याच एका कारखान्यात कामाला. एचआयव्हीची औषधं तिला इथूनच मिळायची. खोकून खोकून बाई अर्धी झाली होती, तरी प्रत्येक रिपोर्ट साफ. एचआयव्ही असलेल्यांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू इतके कमी असतात की सूक्ष्मदर्शकाला पुष्कळदा दिसत नाहीत. मशीन ते पकडतं, पण बेडका छातीतला हवा. तिच्या डबीत होतं नुसतं पाणी.

"ये तो थूक है, मैडम. कुपी फालतू जाएगी," भैया म्हणाले.

माझा पारा चढला. "अगं बाई, थुंकी नको! खोलातून खाकर ना!"

तिनं अंगणातल्या नळाकडे नजर टाकली. "आमच्या पाऱ्यातल्या (वस्तीतल्या) बाया बसून राहिल्या तिथं, ताई. त्याइच्यासमोर कशी खाकरू? उद्या मले पाणी नाही भरू देनार."

अस्सं! म्हणजे आजवर प्रत्येक वेळी बाईनं पदराआड हळूच थुंकून डबी दिली होती. मी तिला गच्चीवर नेलं, वाऱ्याची दिशा बघून पाठ करून उभी राहिले. "आता खाकर. इथं ऐकायला फक्त कावळे आहेत."

ती खाकरली. मग रडली. "माही पिंकी मायजवळ हाय. दिवाळीपासून जवळ नाही घेतली तिले. रिपोर्ट साफ आला तं तान्ह्या पोळ्याले (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल मिरवतात, त्या सणाला) जाऊ ना, ताई?"

मी म्हटलं, "आधी येऊ तर दे." दुसरं काय सांगणार होते? माझीही लेक घरी वाट बघत होती, पण मला उद्या गाडी होती.

दुपारी भैयांच्या घरची ठेठरी (बेसनाची कुरकुरीत शेव) खात बसलो होतो, तेवढ्यात निकाल आला. "पकड़ लिया, मैडम!" भैयांनी टाळीच वाजवली. मलाही फार आनंद झाला. क्षय सापडला, आता औषध सुरू होणार, बाई वाचणार. सुनीतानं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मंग पोळा?"

डॉक्टर म्हणाले, "यंदा नाही. आम्ही सांगू तेव्हाच जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोंडाला रुमाल बांधून स्टेशनच्या फाटकाशी उभी. हातात लाकडी बैल, अजून ओलाच. "तुमची गाडी तुमसर रोडले थांबते ना? माय येईन पिंकीले घेऊन."

"अगं, ओला कशानं?"

"साबनानं धुतला."

"वेडे, क्षय लाकडाला चिकटून नाही जात! हवेतून पसरतो."

"भैयानं सांगतलं, ताई. पन मनाले कोन सांगन?"

गोंदिया गेलं तरी मी बैल मांडीवरून खाली ठेवला नाही. इतक्या खेपा केल्या, नमुने आणले, निकाल नेले, पण कोणाच्या लेकरासाठी काही नेण्याची ही पहिलीच वेळ. आणि आता पुन्हा जायचं नाही. फार जीव लावला होता त्या गावानं.

तुमसर रोडला आजी पिंकीला कडेवर घेऊन उभी होती. मी दारातूनच बैल दिला.

"आई काहून नाही आली?" पिंकीनं विचारलं.

"औषध घेऊन राहिली ना, बाई. बरी झाली की येते," आजी म्हणाली.

पिंकीनं बैल नाकाशी धरला. पाठीला, शिंगांना, चाकांना, सगळीकडे हुंगून पाहिलं. गाडी हलली तशी ती आजीला म्हणाली, "याले तं साबनाचाच वास येते."