शेंद्रीवरचे सात किडे

पादरा किडा हा शब्द माझ्या धाकट्या जावेच्या तोंडून कधी निघत नसे. ती नागपूरची, मॅट्रिक झालेली. त्या किड्याला तिनं ‘ढालकिडा’ असं सोवळं नाव ठेवलं होतं, पाठीवर ढालीसारखं त्रिकोणी कवच असतं म्हणून. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, ‘अवं, पादरा म्हण ना! त्याले काय राग येते?’ ती लाजून दाराआड हसायची. तिचं ते हसणंसुद्धा मला खुपायचं. आता ह्या वयात खोटं कशाला बोलू, तिचं सगळंच मला खुपायचं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, जंगलखात्यात कारकून होते. नेमणूक अहेरीच्या बाजूला. तो सगळा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यातच मोडायचा. दूरच्या शहरात खात्याचे एक मोठे साहेब होते, किड्यांचे अभ्यासक. ढेकणाच्या कुळातले, घाण सोडणारे जेवढे किडे झाडांवर मिळतील तेवढे गोळा करून धाडा, असं त्यांनी सगळ्या कचेऱ्यांना लिहिलं. बाकीच्या कारकुनांनी तो कागद फायलीत घातला. ह्यांनी मात्र मनावर घेतलं. कारकुनी ह्यांना कधी गोड लागलीच नाही. साहेबाची मर्जी बसली तर आपल्याला किड्यांच्या कामावर घेतील, ही एकच आस होती.

हे किडे धरून आणत आणि टाचणी मी लावत असे. ह्यांचे हात थरथरायचे. किडा आडवातिडवा व्हायचा, पाय तुटायचे. मी नऊवारी लुगड्याला बारीक टीप घालणारी बाई, मला त्यात काय कठीण! भुंगा आणि पादरा ह्यांतला फरक मला कोणी शिकवला नाही. भुंग्याच्या पाठीवर दोन झाकणं असतात आणि मधोमध शिवण दिसते. तोंडाला चावायचे जबडे असतात. पादऱ्याला जबडे नाहीत. उलटा केला की पोटाशी दुमडून ठेवलेली सोंड दिसते. ती झाडात खुपसायची आणि रस ओढायचा, एवढंच त्याचं जेवण. मिशीला पाच पेरं. टाचणी जायची ती पाठीवरच्या ढालीतून, पण मधोमध नाही, जराशी उजवीकडे, म्हणजे मधला भाग शाबूत राहतो. किडे ठेवायच्या पेटीच्या तळाला मी भेंड बसवलं होतं, बाशिंगं करतात ते. टाचणी त्यात लोण्यासारखी शिरायची.

‘तुझ्या हातची टाचणी हलत नाई,’ हे म्हणायचे. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि ह्या माणसानं माझ्या स्वयंपाकाला, लुगड्याला, कशालाच कधी बरं म्हटलं नव्हतं. त्या पेटीपाशी तेवढं म्हणायचे. दुपारी ओसरीवर आम्ही दोघं समोरासमोर बसायचो, मधे पेटी. ती जागा माझी होती. मला दुसरं काही नको होतं.

मग ही आली. माझे दीर कोळशाच्या खाणीवर लागले. तिथे क्वार्टर मिळेपर्यंत बायकोला आमच्याकडे ठेवून गेले. आठ दिवसांत तिनं साहेबानं धाडलेलं इंग्रजी पुस्तक उघडलं, ज्याच्यावर ह्यांचं डोकं वर्षभर फुटत होतं. ती ते पेपर वाचावा तसं वाचायची. अक्षरही असं की छापल्यासारखं. किड्याखाली चिठ्ठी लागते, कुठी सापडला, कोण्या झाडावर, कोण्या महिन्यात. चिठ्ठीवाचून किडा म्हणजे नुसता मेलेला किडा, साहेब तो केरात टाकतो. त्या चिठ्ठ्या आता ती लिहायला लागली.

पण आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यापुढे यायचं नसे. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्याशी बोलायचं नाही, त्यानंही तिच्याशी बोलायचं नाही. मग हे ओसरीवर, ती माजघरात दाराआड, आणि मी उंबऱ्यावर. ती माझ्या कानात सांगायची, मी मान वळवून ह्यांना सांगायची. दोघं चार हातांवर, एकमेकांचं काही ऐकू आलं तरी मी बोलल्याशिवाय ते बोललं असं धरायचं नाही. ती हळूच कुजबुजायची म्हणून ह्यांना तिचं खरंच ऐकू जात नसे. ह्यांचं मात्र तिला लख्ख ऐकू यायचं.

माझं तोंड म्हणजे पोस्ट हपीस झालं, बघा.

‘विचार तिले, घाण कोठून निघते म्हणते पुस्तकात?’

‘सांगा बाई, पिल्लांची पाठीवरून निघते. मोठे झाले की खालून, पायांच्या मुळाशी असलेल्या छिद्रांतून.’

अगं बाई! हे मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. पिल्लू धरलं की वरचं बोट घाण होतं, मोठा धरला की खालचा अंगठा. लिंबानं हात घासघासून माझी कातडी सोलली होती. पण मला कोणी विचारलं नव्हतं. आणि आता तेच पुस्तकातून निघालं तर हे म्हणाले, ‘वा! हुशार आहे.’ ते ‘हुशार आहे’ मीच मान वळवून तिला सांगायचं का? मी सांगितलं नाही. तिनं ते ऐकलंच होतं म्हणा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हळूहळू टाचण्याही ह्यांना दिसेनाशा झाल्या. मी लावायची, पण बोलणं व्हायचं ते चिठ्ठ्यांचं. मग मीही ठरवलं, आपल्यालाही काही आपलं पाहिजे. गोठ्यामागे शेंद्रीचं झाड होतं, फळांवर लाल भुकटी येते ते. पावसाळा सरत आला तेव्हा त्याच्या एका पानामागे मला एक नारिंगी पादरा दिसला, पाठीवर काळे ठिपके. हात लावला तरी उडेना. नीट पाहिलं तर मादी होती आणि अंड्यांवर बसली होती. बारीक बारीक अंडी, एकाला एक चिकटून, अख्खं पान भरून. मी बोट पुढे केलं तर ती बोटाच्या बाजूला अंग कलतं करून आडवी झाली. कोंबडी बसावी तशी बसली होती. मला तर हसूच आलं. मी फांदीसकट पान तोडून टोपलीत ठेवलं, वरून जुन्या लुगड्याचा विरळ तुकडा बांधला, आणि कोणालाही सांगितलं नाही.

अंडी फुटली. लालचुटुक पिल्लं आईच्या पोटाखाली गोळा होऊन बसली. रोज शेण काढून झालं की मी ताजी डहाळी घालायची. पाच वेळा त्यांनी कात टाकली. पिल्लांना पंख नसतात, ढालही नसते, शेवटची कात टाकल्यावरच ते सगळं येतं. आणि आलं तेव्हा मी पाहतच राहिले. आई एक, पान एक, टोपली एक, पण लेकरं बघाल तर कोणाला आठ ठिपके, कोणाला सहा, कोणाला नुसते पुसट डाग, कोणाला एकही नाही. कोणी पिवळं, कोणी गडद. कोणाच्या खांद्यावर दोन्हीकडे काटा, तर कोणाचा खांदा साफ. एका आईची लेकरं इतकी वेगळी! दिवाळीचा फराळ झाला की टोपली ह्यांच्यापुढे आणून ठेवायची, असं मी मनाशी योजलं होतं. काय म्हणतील ते, हेही मनात दहादा बोलून झालं होतं.

आणि इकडे ओसरीवर काय चाललं होतं? त्याच दिवसांत ह्यांनी आसपासच्या शेंद्रीवरून पुष्कळ नारिंगी किडे धरून आणले होते. जावेनं त्यांच्या ठिपक्यांवरून आणि काट्यांवरून सात ढीग केले. सात जाती! पुस्तकात चित्र एकाचंच, म्हणजे बाकीच्या सहा नव्याच असणार. ह्यांचे पाय जमिनीला लागेनात. हपिसातून येऊन आंघोळही न करता पेटी उघडून बसायचे. ‘साहेब आता मले बोलावतेच,’ म्हणायचे. एकेका जातीचा एकेक किडा घालून पार्सल उद्याच धाडायचं ठरलं.

त्या दुपारी तिनं मला दाराआड ओढलं. हातात दोन किडे, दोन्ही उलटे.

‘बाई, मला शंका येते. पाठीकडून वेगळे दिसतात, पण खालून बघा. सोंड तीच, मिशीची पेरं तीच, पोट तेच. हे सगळे एकाच आईचे तर नसतील? भाऊजींना विचारा ना, महिनाभर थांबता येईल का? अंडी आणून वाढवून पाहू. मग कळेल.’

काय सांगू तुम्हाला! जे मी दोन महिने शेणामुतात उभी राहून, डोळे फोडून मिळवलं, ते हिनं घरात सावलीला बसून नुसत्या डोक्यातून काढलं. म्हणजे आता मी टोपली आणून ठेवली तरी हे काय म्हणणार? ‘तिनं म्हटलंच होतं.’ माझी टोपली तिच्या हुशारीचा पुरावा होणार. मेली, एवढंसुद्धा माझ्यासाठी ठेवलं नाही!

ओसरीवरून ह्यांनी विचारलं, ‘काय म्हणून राह्यली?’

मी उंबऱ्यावर आले आणि म्हणाले, ‘काई नाई. सुतळी पुरते का, विचारते.’

‘पुरते म्हणा.’

मग मी तिच्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, ‘थांबता येत नाई म्हणतात. वेगळेच आहेत म्हणतात.’

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. ‘पुरते म्हणा’ हे तिनं ऐकलं होतं, चार हातांवरूनच तर आलं होतं. तरी तिनं दोन्ही किडे माझ्या हातात दिले आणि सातवी चिठ्ठी लिहायला बसली. संध्याकाळी मी गोठ्यामागे गेले आणि टोपलीचं फडकं सोडलं. लेकरं भुर्रकन उडून शेंद्रीवर गेली. आई तर केव्हाच मरून गेली होती.

पार्सल गेलं. थंडी सरली तरी उत्तर नाही. हे रोज टपालवाल्याची वाट पाहत. मीही पाहायची, पण उत्तर येऊ नये म्हणून.

पत्र आलं ते इंग्रजीत, टाइप केलेलं. ह्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. चेहरा असा उतरला की मी पाणी आणायला उठले. सातही किडे एकाच जातीचे आहेत, आणि ती जात जुनीच, सगळ्यांना ठाऊक असलेली. ठिपके मोजून जात ठरवणाऱ्याला ह्या कामाची समज नाही, आपण यापुढे नमुने पाठवण्याची तसदी घेऊ नये. हे सगळं ह्यांनी मला मराठीतून सांगितलं.

मग ह्यांचा आवाज चढला. त्या माणसाचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला.

‘सांग तिले! नुसतं पुस्तक वाचून होत नाई म्हणा. माझी नोकरीभराची आस होती. सांग!’

तिनं ऐकलंच होतं. तरी मी वळले आणि सांगितलं. अक्षर न् अक्षर सांगितलं. दाराआड ती भिंतीला टेकून उभी होती, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी वाट पाहत होते. आता म्हणेल, ‘मी विचारलं होतं.’ म्हटलं असतं तर ते मलाच तिकडे सांगावं लागलं असतं, आणि देवाशपथ, सांगितलं असतं की नाही, मला आजही माहीत नाही. पण ती म्हणाली, ‘सांगा बाई, माझं चुकलं. भाऊजींना त्रास झाला.’

मी मान वळवली. ‘म्हणते, तिचं चुकलं.’

ह्यांचा राग लगेच ओसरला. माणूस न्यायाचा होता. पत्राची घडी घालत, उघडत बसले. मग जरा नरम आवाजात म्हणाले, ‘एवढी हुशार पोरगी. तिले मधात एकदाही शंका नाई आली? काऊन नाई आली? विचार बरं तिले.’

मला तिच्याकडे वळायला हवं होतं. मी वळले नाही. पेटीतल्या भेंडाकडे पाहत, ह्यांच्याकडे पाहत, तिथल्या तिथे म्हणाले, ‘नाई आली म्हणते.’

मागे ती तीन हातांवर उभी होती. तिच्या बांगड्या जराशा वाजल्या आणि थांबल्या. ह्यांनी पेटी बंद केली, उचलून माळ्यावर सरकवली आणि हातपाय धुवायला विहिरीवर गेले. ओसरीवर मी एकटीच राहिले. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, रोजच्यासारखाच, ‘बाई, तांदूळ किती घेऊ?’

मी आत गेले आणि तिला बोटांनी तीन वाट्या दाखवल्या. तोंड उघडायची मला हिंमत झाली नाही.