ऊन सरकलं

"ऊन सरकलं," असं वरून ऐकू आलं की पाठोपाठ आमच्या छतावर खर्रर्र व्हायचं. कुंडी निघाली. बाल्कनीतून हॉलच्या खिडकीत, हॉलमधून स्वयंपाकघरात. आणि खाली मी, चाकणला नाइट शिफ्ट करून आलेला, कूस बदलत पडायचो.

मंडळी, पिंपळे गुरवातल्या आमच्या इमारतीला खेटून टॉवर उभा राहिला आणि आमच्या वाट्याला उन्हाचे तुकडे उरले. बाकीच्यांनी बिल्डरला शिव्या दिल्या. वरच्या मजल्यावरच्या सिस्टरनी कुंड्यांना प्रवासाला लावलं. सिस्टर म्हणजे मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची.

एकदा मी तणतणत वर गेलो. भाषण तयार होतं, हातवाऱ्यांसकट. दार उघडून त्या म्हणाल्या, "सलाम भाऊ. बरं झालं आलात. ही जड आहे, जरा एक बाजू धरा."

धरली. भाषण तसंच राहिलं.

कुंड्यांच्या मधोमध खुर्चीत त्यांचे यजमान. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. कुंड्या हलल्या की मग त्यांची खुर्ची हलायची.

"बघा भाऊ," ते अडखळत म्हणाले, "झाडं आधी... नवरा मग."

"झाडं कुरकुरत नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

एवढं होऊन बाई हसते म्हणजे सोंग असणार, असा मला दाट संशय. म्हणून जिन्यात भेटल्या की मी खोडी काढायचो. "सिस्टर, आज कशाचा आनंद?"

उत्तर तयारच असायचं. "मेथीनं माती फोडली." "माव्याची कीड पडलीय, पण खालच्याच पानांवर." "ह्यांनी आज डाव्या हातानं पाणी घातलं. निम्मं माझ्या पायावर, पण घातलं."

"पण वाटतो का हो खरंच?"

"वाटायची वाट कोण बघतं? इच्छा झाली म्हणून पाणी घालतो का झाडांना? सकाळ झाली म्हणून घालतो. प्रभूचे आभारही तसेच मानायचे. मन येतं मागून, लंगडत."

त्यांचा एकच हट्ट होता. चर्चमधल्या हंगामाच्या सणाला घरचं पहिलं पीक वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. यंदा यजमानांनी डाव्या हातानं टोमॅटोचं बी लावलं होतं, शेजारी झेंडू. "ह्यांचा टोमॅटो वेदीपुढे जाणार," सिस्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

टोमॅटोला फुलं आली आणि यजमान गेले.

छत गप्प झालं. ज्या शांततेसाठी मी तणतणलो होतो, तिच्यात मला झोप येईना. जिन्यापर्यंत जायचो, परत फिरायचो. शेवटी त्याच जिन्यात भेटल्या. मी मान खाली घातली.

"भाऊ, आज विचारलं नाहीत?"

"काय विचारू, सिस्टर?"

"रोजचंच." डोळे लाल होते. "ते प्रभूजवळ आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि खुर्ची रिकामी आहे, तेही आहेच. टोमॅटोशेजारी झेंडू लावतो ना आपण? कडवट वासानं कीड लांब राहते. माझं रडू आणि आनंद आता एकाच कुंडीत आहेत. एक उपटायला गेलं तर दुसरं हलेल. राहू दे दोन्ही." पदरानं डोळे पुसून त्या जिना चढू लागल्या. "चला, ऊन सरकलं."

सणाला त्या मलाही घेऊन गेल्या. वेदीपुढे भोपळे, कणसं, अंडी आणि एक चिडलेला कोंबडा. त्यांत सिस्टरची कुंडी. टोमॅटोची फुलं गळून गेलेली, फळ एकही नाही. झेंडू मात्र टपोरा.

लिलाव करणारे काका गोंधळले. "सिस्टर, ह्यात पीक कुठंय?"

"हिरवं आहे ना अजून? तेच पीक."

लोक हसले. त्याही हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी हात वर केला आणि कोंबड्याच्या दुप्पट बोली लावली.

आता त्या जालन्याला मुलीकडे असतात. कुंडी माझ्या बाल्कनीत आहे. टोमॅटो केव्हाच वाळला. झेंडू पडल्या बियांतून पुन्हा उगवलाय, त्याच्याशेजारी मी नवं बी टाकलंय. मधूनच फोन येतो. "सलाम भाऊ. आज कशाचा आनंद?" आणि मी, एवढा बोलघेवडा माणूस, उत्तर शोधायला कुंडीकडे पळतो.

काल खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. डोळे तारवटलेले, लुंगी खोचलेली, भाषण तयार. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "बरं झालं आलात. जरा एक बाजू धरा."