नानीसाठी शोधलेली गळती

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेत, बर्फातल्या एका ट्रान्झिट कॅम्पवर होती. हुद्दा हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. काम सरळ होते. कॉन्व्हॉय निघण्याआधी प्रत्येक लॉरीखाली वाकून बघायचे आणि ऑइलचा थेंब दिसला की गाडी रोखायची. ड्रायव्हर वैतागत. सर्वांत जास्त वैतागायचा विट्याकडचा नाईक दत्तू यादव, माझा जिगरी दोस्त.

"एका थेंबाला काय भितोस रं वसंता? थंडीत तुजं नाक त्याच्यापरीस जास्त गळतंय," म्हणायचा. आणि मग पायांना लावायची सरकारी पावडर घेऊन स्वतःच बॉनेट उघडायचा. गळती शोधायची ती युक्ती त्याची. इंजिन पुसून कोरडे करायचे, वर पावडर मारायची आणि चालू करायचे. तेल निघते तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उठते. थेंब जिथे पडतो तिथे बघून उपयोग नसतो, कारण पंख्याचा वारा तेलाला मागे ढकलत नेतो.

दत्तू तिथल्याच एका घाटात, कॉन्व्हॉयमध्ये लॉरी नेताना गेला. दोन वर्षांनी मी पेन्शनवर आष्ट्याला घरी आलो आणि एक जुनी मोटार घेतली.

नव्वदच्या दशकातल्या एका साली, दिवाळीनंतर, दत्तूची आई आमच्याकडे आली. तिला सगळे नानी म्हणतात. तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी साफ सांगितले होते, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली फार दिवस टिकणार नाही. तिच्या थोरल्या मुलाचे तमिळनाडूत सोने-चांदी गाळायचे, गलाईचे दुकान. तो सोमवारी तिला कायमची तिकडे नेणार होता.

"मला एकडाव ढगाच्या वर न्हे," नानी म्हणाली. "दत्तू सुट्टीवर आला की सांगायचा, आये, आमी राहतो तितं ढग पायाखाली असत्यात. डोळं हायती तवर बगू दे."

पाचगणीच्या घाटात या दिवसांत सकाळी वाईचे खोरे धुक्याने भरते. मी लगेच हो म्हटले. मांडीचे हाड मोडल्यापासून तिला एसटीची पायरी चढवत नव्हती, म्हणजे मोटारीशिवाय इलाज नव्हता. आणि शुक्रवारी सकाळी मोटारीखाली तेलाचे ओघळ दिसले. थेंब नेमके इंजिनच्या मागच्या बाजूला.

नाक्यावरचा मिस्त्री येऊन वाकून बघून गेला. "मागचं ऑइल सील गेलंय, दाजी. इंजिन उतरावं लागंल. पुढच्या शुक्रवारी मिळंल गाडी."

पुढच्या शुक्रवारी नानी शेकडो मैलांवर असणार होती. मला त्या मोटारीचा इतका राग आला की टायरला लाथ घातली. लागले मलाच. नानी ओसरीवर बसून ऐकत होती.

"लय मोटं दुकनं हाय का रं तिला?"

"बगतो, नानी. तू च्या घे."

रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन धुतले, फडक्याने कोरडे केले. पावडर मागितली तर बायको म्हणाली, "संपलीया. रांगुळी देऊ का?"

"दगडाची भुकटी हाय ती. इंजिनात गेली तर वाटोळं."

मग घरचीच हळद घेतली. आमच्याकडे हळदीला काय तोटा? चाळणीने इंजिनवर चाळली आणि स्टार्टर मारला. पंख्याच्या वाऱ्याने हळद उडाली. उन्हात सगळे अंगण पिवळे दिसू लागले. शेजारची सुलाबाई गडबडीने आली. तिला वाटले आम्ही गाडीची तळी भरतोय. तिने बॉनेटला नारळ ओवाळला, इंजिनला हात जोडले आणि "येळकोट" म्हणून प्रसादाची वाट बघत उभी राहिली. बायकोने तिच्या हातावर गूळ ठेवला.

मी मात्र तिथे नव्हतो. इंजिनच्या त्या एकसुरी आवाजात मी पुन्हा घाटात, मागच्या रिकव्हरी गाडीत बसलो होतो. अशीच भुकटी उडाली होती, पण पांढरी. वरून हिमकडा सुटला. समोरचा रस्ता नाहीसा झाला आणि सगळीकडे एकदम शांत झाले. रेडिओवर कॉन्व्हॉय कमांडरचा आवाज येत होता.

"नंबर चार, रिपोर्ट करो. ओव्हर."

थोड्या वेळाने पुन्हा तोच आवाज.

"नंबर चार. दत्तू, बोलो."

आम्ही फावड्यांनी, मग हातांनी खणले. तो स्टिअरिंगवरच सापडला. सीटशेजारी पावडरचा डबा जसाच्या तसा होता. मला तेव्हा रडू आले नाही. आष्ट्याच्या अंगणात, पिवळ्या धुरळ्यात, आले.

डोळे पुसून बघितले तर इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, मागच्या कोपऱ्यात हळद काळी पडली होती. तिथून बारीक रेघ इंजिनच्या पाठीवरून खाली उतरत होती. सील ठीक होते. कव्हरचे बोल्ट कुणीतरी जोर लावून आवळले होते, त्यामुळे आतले बुचाचे पॅकिंग चिरडून बाहेर आले होते. सांगलीला जाऊन नवे पॅकिंग आणले, बोल्ट एकाआड एक, हलक्या हाताने आवळले. शनिवारी इंजिन तासभर चालवले. खाली पसरलेला कागद कोरडा राहिला.

शनिवारी वाईला बहिणीकडे मुक्काम केला आणि रविवारी उजाडताना घाट चढायला लागलो. सुरुवातीला धुके इतके दाट की बॉनेटसुद्धा दिसेना. मी दुसऱ्या गिअरमध्ये, दिवे लावून चाललो होतो. नानीने दाराची मूठ घट्ट धरली होती. गाडी वर जात होती की झोपेत तरंगत होती, कळत नव्हते. मग एका वळणावर धुके खाली राहिले आणि आम्ही वर आलो.

गाडी कडेला घेतली. नानीला धरून उतरवले. खाली सगळे खोरे ढगांनी काठोकाठ भरले होते. वाई नाही, धोम नाही, फक्त पांढरे. वर निळे आभाळ आणि लख्ख ऊन.

नानीने मान वाकडी केली. उरलेल्या नजरेने ती एका बाजूनेच बघायची. बराच वेळ बघत राहिली. मग हात पुढे करून तळव्यावर ऊन घेतले.

"वसंता, दत्तू गेला तवाबी असंच ऊन व्हतं का रं?"

"व्हय, नानी. हिमकडा पडायच्या आदी लख्ख ऊन पडलं हुतं."

"मला इतकी वर्सं वाटायचं, ढगात म्हंजी अंदारच असणार," ती म्हणाली. "माजं पोरगं अंदारात गेलं म्हनून झोप यायची न्हाई मला."