रीनाचा रिपोर्ट आणि धनसिंगच्या गाई

रीना मेश्राम आमच्या कार्यालयात कॉम्प्युटरवर रुजू झाली तेव्हा मी तिला खिडकीजवळची जागा दिली नाही, कारण ती माझी होती. तिनं मागितलीही नाही. प्लगजवळ टेबल ओढलं, बसली आणि म्हणाली, "बडेबाबू, तुमचा सगळ्यात जास्त वेळ कोणत्या कामात जाते?" मी म्हटलं, साहेब मागतात ती माहिती शोधण्यात. "मंग ते काम मले द्या," ती म्हणाली. मी दिलं. तेव्हापासून मला दुपारी झोप येऊ लागली.

आमचं कार्यालय गुरांच्या नोंदी ठेवतं. नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथंच नोकरी करतो. गाईच्या कानात पिवळा बिल्ला मारायचा, बिल्ल्यावरचा नंबर मशीनमध्ये टाकायचा आणि त्यापुढे मालकाचं नाव, गाव, मोबाईल लिहायचा, पुढे दूध, खाणं, आजारपण, मेलं-हरवलं तेही टाकायचं, असा सगळा कारभार. जिल्हाभराची गुरं त्या मशीनमध्ये कोंडून ठेवली होती आणि ती बाहेर कशी काढायची हे रीना येईपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिच्याकडे त्यासाठी क्वेरी नावाची एक खिडकी होती. तिथं आपला प्रश्न मांडायचा: कोणते रकाने हवेत, अटी कोणत्या, मोठा आकडा वर की खाली. मग बटण दाबायचं. माझ्या चार दिवसांच्या फायली ती चहा निवायच्या आत कागदावर छापून द्यायची. एकदा साहेबांनी भरपूर दूध देणाऱ्या, कमी खाणाऱ्या आणि कधीही आजारी न पडणाऱ्या गाईंची यादी मागितली. रीनानं साऱ्या अटी टाकल्या. 'एकही नोंद आढळली नाही' असं पडद्यावर आलं. मशीन बिघडलं, साहेब म्हणाले.

"मशीन चांगलं आहे साहेब," रीना म्हणाली. "तशी गाय नसते."

हा तिचा स्वभाव. घरीही तेच. आम्ही दोघं गोंदियाजवळच्या फुलचूरचे, त्यामुळे तिच्या आईची, पार्वताबाईंची, गाऱ्हाणी मला रविवारी ऐकावी लागतात. भाजी कोणती करू विचारलं की पोरगी म्हणते, अट सांग. मुलगी पाहायला पाहुणे आले, तर त्यांच्यासमोर बसून मुलालाच म्हणाली, तुमच्या अपेक्षा महत्त्वाच्या क्रमानं सांगा. मुलगा घाबरला आणि पोहे अर्धे टाकून उठला. पार्वताबाईंना तो पोरगा पसंत होता. मला नव्हता, पण मला कोणी विचारलं नाही.

या दिवाळीनंतर साहेबांच्या डोक्यात सत्कार आला. जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या पशुपालकाला शाल, सन्मानपत्र आणि एका दात्यानं देऊ केलेली गाभण कालवड. मी विचारलं, ज्याच्याकडे आधीच सगळ्यांत जास्त गाई आहेत त्याला आणखी एक गाय कशाला? साहेब म्हणाले, बक्षिसाचा विषय वेगळा आणि पुरस्काराचा विषय वेगळा. साहेबांशी वाद घालण्याच्या वयातून मी बाहेर पडलो आहे.

रीनानं प्रश्न मांडला. मालकाप्रमाणे गुरं मोजायची, मोठा आकडा वर. बटण दाबताच पहिल्या ओळीत नाव आलं: धनसिंग कुंभरे, दरेकशाजवळच्या एका टोल्यावरचा, म्हणजे जंगलातल्या लहानशा वस्तीवरचा. गुरं सव्वाशेच्या वर. दुसऱ्या नंबरवाल्याकडे त्याच्या पावही नव्हती.

"एवढी ढोरं हा मानूस बांधत कोठी असन?" रीना पडद्याकडे पाहत म्हणाली.

पण साहेबांनी कागद ओढून घेतला होता. त्यांनी लगेच धनसिंगला फोन लावला, अभिनंदन केलं, गाय मिळणार म्हणून सांगितलं आणि त्याच्या नावाचा भलामोठा फ्लेक्स छापायला दिला. फोटोची जागा तेवढी कोरी ठेवली. फोटो आणायला रीनाला पाठवलं आणि सोबत मला, कारण कार्यालयात माझ्यावाचून काही अडत नाही हे आता उघड झालं होतं.

डोंगरगडकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं आम्ही दरेकशाला उतरलो आणि जंगलातल्या वाटेनं टोल्यावर पोचलो. वाटेत एका बाईला विचारलं, धनसिंगजींचा गोठा कुठं आहे? ती हसली, पुढे चालू लागली, पुन्हा वळून आमच्याकडे पाहून हसली. मला तेव्हाच परत फिरावंसं वाटलं होतं.

धनसिंगचं घर दोन खोल्यांचं. अंगण ताजं सारवलेलं. एका कोपऱ्यात बांबूचं नवं छप्पर, त्याखाली नवा खुंटा, खुंट्याला नवा दोर. गाय नव्हती, म्हैस नव्हती, शेळीसुद्धा नव्हती. धनसिंग इस्त्रीचा शर्ट घालून फोटोसाठी उभाच होता. त्याची बायको चमेली चहा घेऊन आली. चहा कोरा होता.

जिल्ह्यातल्या सगळ्यांत मोठ्या पशुपालकाच्या घरी चहात दूध नव्हतं. रीनानं कप हातात धरला आणि तो तसाच धरून राहिली.

"काकाजी, तुमची ढोरं कोठी आहेत?"

"जंगलात. पोरगा पाहून राहिला ना. तुम्ही येनार म्हनून मी थांबलो."

"आनि संध्याकाळी?"

"संध्याकाळी आपापल्या घरी जातेत."

धनसिंग गावाचा गुराखी होता. रोज सकाळी लोक आपली जनावरं गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, म्हणजे आखरावर, आणून सोडतात आणि तो ती चरायला नेतो. बिल्ले मारणारे आले तेव्हा भातरोवणीचे दिवस होते. गुरं आखरावर आयती जमलेली, आणि मालक झाडून सगळे चिखलात. मालकाच्या मोबाईलवर नंबर येणार, तो सांगितल्याशिवाय नोंद होणार नाही, असा नियम. बांधावरून लोकांना हाका मारल्या, तर कोणी चिखलातून वर यायला तयार नाही. ते म्हणाले, धनसिंगचंच नाव लिव्हा, त्याच्याजवळ मोबाईल आहे.

"दर गाईले एक मेसेज आला," धनसिंग अभिमानानं म्हणाला. "मी एकबी पुसला नाही. पाहता का?"

"आनि सायबानं फोन केला तवा तुमाले काही वाटलं नाही?"

"का वाटाचं? सायब म्हनले, तुमाले गाय देतो. मी म्हनलं, द्या."

मीही हेच म्हटलं असतं.

चमेली दाराला टेकून उभी होती. "लोकायच्या गाईमागं याचा जनम गेला बाबूजी," ती मला म्हणाली. "दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गाव टिळा लावते, बाकी सालभर कोनी पुसत नाही. आमच्या खुंट्याले कधी गाय बांधली नाही. दोर मी सोता वळला."

रीनाचा चेहरा उतरला. खोटं बोलायचं तर फोटो काढून निघून जाणं सोपं होतं, आणि खरं सांगतो, मी असतो तर तेच केलं असतं. पण ती खाली जमिनीवर बसली आणि धनसिंगला म्हणाली, "काकाजी, माहा रिपोर्ट चुकला. गाई तुमच्या नाहीत, तं ते बक्षीस तुमचं होत नाही. मी चुकीचं विचारलं."

"म्हनजे गाय नाही?"

"या रिपोर्टावर नाही."

धनसिंग खुंट्याजवळ गेला, दोर सोडला, गुंडाळला आणि चमेलीच्या हातात दिला. शर्ट काढून खुंटीला टांगला, जुनी बंडी घातली. "पोरगा एकटा आहे, ढोरं आनाले जातो," म्हणून निघाला. चमेलीनं आमचे कप उचलले. रीनाचा चहा तसाच होता. तरी चमेली म्हणाली, "बसा, लांबून आले." मला त्या अंगणात फार वाईट वाटलं, आणि साहेबांचा फार राग आला, जरी साहेबांचा त्यात तेवढा दोष नव्हता.

आता नोंदी दुरुस्त करायच्या, तर सव्वाशे गाईंचे खरे मालक कोण हे कळायला हवं. रीनानं घरोघरी फिरून बिल्ल्याचे नंबर विचारायला सुरुवात केली. कोणालाही आपल्या गाईचा नंबर ठाऊक नव्हता. सकाळची हसणारी बाई दारात भात कांडत होती. ती म्हणाली, "नंबर कायले पाहिजे? कागदावर कोनाचंबी नाव लिव्हा, गाय तं माह्याच घरी येते."

रीना थांबली. म्हणाली, "बडेबाबू, चष्मा आहे ना तुमच्याजवळ?"

संध्याकाळी कळप जंगलातून गावात शिरला तेव्हा आम्ही दोघं वाटेच्या कडेला उभे होतो. रीना मोबाईल घेऊन, मी चष्मा लावून. मी आयुष्यभर गुरांच्या फायली हाताळल्या, पण गुरं एवढ्या जवळून कधी पाहिली नव्हती. प्रत्येक गाय आपल्या दाराशी आली की कोणी न सांगता आत वळायची. मी कानाचा नंबर ओरडायचो, रीना घर नोंदवायची. एका बैलानं माझी पिशवी चाटून ओली केली. एक तांबडी गाय आधी एका घरात गेली, तिथली पेज प्यायली, बाहेर आली आणि शेजारच्या घरात शिरली. दोन्ही बाया तिच्यावरून भांडायला लागल्या. रीनानं ती उद्यावर ठेवली.

सगळी गुरं एका संध्याकाळी झाली नाहीत. आम्ही चमेलीकडेच मुक्काम केला. तिनं आम्हाला जेवू घातलं, आणि गाईचा विषय तिनं काढला नाही, आम्हीही काढला नाही. पुढच्या संध्याकाळी तांबडी पेज पिऊन शेवटी ज्या घरात बसली, ते घर तिच्या नंबरापुढे लागलं. नोंद घेताना रीना प्रत्येक दारात आणखी एक गोष्ट विचारत होती: या वर्षी किती ढोरं मेली, किती हरवली? मला वाटलं, सवयीनं विचारते आहे.

"एकबी नाही," प्रत्येक घरातून उत्तर आलं. हसणाऱ्या बाईनं पलीकडच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "त्या टोल्यावर बिबट्यानं किती नेली. आमच्याइथं धनसिंग आहे ना."

गोंदियाला परतल्यावर रीनानं आधी सगळ्या नोंदी बदलल्या. मालक धनसिंग कुंभरे, असं विचारलं की आता पडदा म्हणायचा: एकही नोंद आढळली नाही. मग ती नवा प्रश्न मांडू लागली. जंगलाकाठची सगळी गावं घ्यायची. वर्षभरात मेलेली, बिबट्यानं नेलेली, हरवलेली गुरं गावाप्रमाणे मोजायची. लहान आकडा वर. मी माझी खिडकीची जागा सोडून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. बटण दाबलं. पहिल्या ओळीत दरेकशाजवळचा तो टोला होता आणि त्याच्यापुढे शून्य. शून्याचं दुसरं गाव नव्हतं.

दोन्ही उत्तरं छापून ते कागद घेऊन ती साहेबांकडे गेली, मी मागोमाग. साहेबांनी पहिला कागद वाचला आणि घाम पुसला. "अहो, फ्लेक्स छापून आला आहे. त्यावर नाव आहे त्याचं. पाहुण्यांना कळवलं आहे. आता नाव कसं बदलायचं?"

"नाव बदलायचं नाही," रीना म्हणाली. "सगळ्यात मोठा पशुपालक काढायचा आणि उत्कृष्ट गुराखी लिव्हायचं. हा त्याचा रिपोर्ट. हा खरा आहे, मी दारोदार विचारून आली."

"नाव तेच राहतं?"

"तेच."

"मग त्या ओळीवर पट्टी चिकटवा," साहेब म्हणाले, आणि इतके खूश झाले की त्यांनी दुसरा कागद वाचलाच नाही. त्या पट्टीचा कागद मी माझ्या हातानं कापला. थोडा तिरका लागला. फोटोची जागा कोरीच राहिली.

सत्काराच्या दिवशी धनसिंग तोच इस्त्रीचा शर्ट घालून आला. भाषण करा म्हटल्यावर माईकपाशी उभा राहिला, सगळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाय कोठी आहे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कालवड मंडपामागे बांधली होती. चमेली तिच्याजवळून हलली नाही, तिच्या हातात तोच दोर होता. नवरा-बायको टेम्पोत मागे कालवडीजवळ बसून गेले.

दुसऱ्या दिवशी मी रीनाला म्हटलं, आता तिची नोंद करून टाक. तिनं बिल्ल्याचा नंबर टाकला, पण मालकाचा रकाना कोरा ठेवला.

"कायले? कागद तं आहे तुझ्याजवळ," मी म्हटलं.

"कागदावरून एकदा चुकलं ना, बडेबाबू. राहू द्या थोडे दिवस."

ते थोडे दिवस फार लांबले. साहेबांनी दोनदा विचारलं, नोंद अपुरी का दिसते. मीही चिडलो. मग एका सकाळी तिचा मोबाईल वाजला. धनसिंग होता, आणि जंगलात बोलायची सवय असल्यामुळे त्याचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत आला.

"म्याडम, आतापावतर मी तिले दोरानं घरी नेत होतो. काल कळपातून सोडून देल्ली. तं एकटीच वळली माह्या दारात. चमेली तं रडून राहिली."

रीनानं फोन ठेवला, कोऱ्या रकान्यात त्याचं नाव टाकलं आणि जुनाच प्रश्न पुन्हा विचारला: मालक, धनसिंग कुंभरे. पडद्यावर उत्तर आलं, एक नोंद आढळली. त्या एका ओळीचा रिपोर्ट तिनं छापला, तो कोणी मागितला नव्हता तरी. मी तो माझ्या खिडकीत लावला आहे.