क्लबातला झाडू

टीव्ही दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या काकांनी दुकानाच्या मागच्या खोलीत यंत्रवेड्यांचा क्लब काढला, तेव्हा नियम एकच ठेवला. ज्याच्या हातून सर्किट जळेल, त्याने महिनाभर पार्ट जोडायच्या तापत्या सोल्डरिंग आयर्नला हात लावायचा नाही, खोली झाडायची.

काकांची जीभ त्या आयर्नपेक्षा गरम. बँकेतून निवृत्त झालेल्या कारकुनाने पहिल्याच रविवारी सर्किट जाळलं आणि काकांनी सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने हजामत केली. "हात आहेत की खुरपी? घ्या झाडू!" बिचारा रडकुंडीला आला, तेव्हा वर म्हणाले, "लाज कसली वाटते? ज्याला पुढेमागे काही येईल, त्यालाच मी झाडू देतो. ज्याच्यात काही दम नाही त्याला खुर्ची देतो आणि बसा म्हणतो."

चार वर्षांत क्लबात तीस माणसं झाली. कारकून नखाएवढे पार्टही सफाईने जोडू लागला. काकांचा उजवा हात मात्र थरथरायला लागला होता. तो खिशात घालून त्यांनी कितीतरी महिने ढकलले.

शेवटी एका रविवारी नव्या सभासदांना शिकवताना आयर्नचं टोक घसरलं आणि सर्किटमधून धूर निघाला. काकाच हसले आणि कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "नियम म्हणजे नियम. आणा तो झाडू."

झाडू कोणी आणला नाही. कारकुनाने त्यांच्या हातातून आयर्न अलगद काढून घेतलं आणि खिडकीजवळची खुर्ची फडक्याने पुसली.

"काका," तो अगदी मायेने म्हणाला, "तुम्ही बसा."